अक्कांच्या हाताची चूल

दरसाल सप्टेंबरच्या सतरा तारखेला, मुक्तिदिनाला, चार माणसं आमच्या घरी येतात. आमचे हे निजामाच्या तुरुंगात राहून आले होते, म्हणून भिंतीवरच्या त्यांच्या फोटोला हार घालतात आणि मला दोन शब्द बोला म्हणतात. मी त्यांना चहा देते, यांच्याबद्दल चांगलंच बोलते. पण मनात येतंच, की या घरात हार घालावा असं आणखी एक माणूस होऊन गेलं आणि त्याचा फोटो काढून ठेवायचं कुणाला सुचलं नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई, मथुराबाई. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो. फोटो नाही तर नाही, मी लिहून ठेवते. सोलापूरला मराठी शाळेत जे काही शिकले ते कधीतरी उपयोगी पडू दे.

मी सोलापूरची. वडील गिरणीत फिटर होते. जर्मनीशी लढाई चालू होती त्या दिवसांत माझं लग्न झालं आणि इंग्रजी हद्दीतून मला मोगलाईत दिली, म्हणून आई आठवडाभर डोळे पुसत होती. तुळजापूरहून नळदुर्गाकडं जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. घरात तीन भाऊ. थोरले हिंमतराव, मधले दगडोबा आणि धाकटे आमचे हे. त्यांच्या बायका म्हणजे अक्का, सिताबाई आणि मी. पोरंटोरं, सालगडी, आला-गेला धरून पंचवीसएक तोंडं रोज जेवायची, आणि त्या सगळ्यांच्या भाकरी एकट्या अक्का करायच्या.

आमच्या घरी रीत होती, की चुलीपुढं जी बसेल तिच्या हातात घर. कणगीतून ज्वारी किती काढायची, ताकात पाणी किती घालायचं, पाहुण्याला राहा म्हणायचं की पाणी देऊन वाटेला लावायचं, हे सगळं ती ठरवणार. बाकीच्यांनी भाजी चिरावी, पाणी आणावं, ऐकावं. अक्का दिसायला काटकुळ्या, पण बोलायला लागल्या की थोरले भावजीसुद्धा पागोट्याला हात लावून गप्प बसत. मी आल्या आल्या मला त्यांनी 'मेमसाब' नाव ठेवलं, कारण मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं की इथं शेगडी नाही का. नंतर कितीतरी दिवस माझ्या ताटात भाकरी पडली की त्या म्हणायच्या, मेमसाब, मातीच्या चुलीवरची आहे, चालेल ना. मी धुमसायची. पण ती भाकरी खाल्ली की राग टिकायचा नाही. कागदासारखा पापुद्रा, आतून वाफ, आणि कडेला कुठंही कच्ची नाही. तशी भाकरी मी नंतर कुठं खाल्ली नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला स्वतःला कधी जमलीही नाही.

ती चूल मात्र पार थकली होती. सासूबाईंच्या काळातली. एका बाजूचा काठ खांडोळी पडून गेलेला, पाठीला भेग, तिच्यातून धूर छतातल्या सवण्याकडं न जाता थेट डोळ्यांत यायचा. कडेचा वैल, म्हणजे कालवण शिजायचं लहान तोंड, एका दगडाच्या आधारानं कसाबसा उभा होता. रोज सकाळी अक्का तिला पोतेरं घालायच्या, माती-शेणाचा हात फिरवायच्या, आणि रोज संध्याकाळी ती पुन्हा तडकायची. थोरले भावजी म्हणायचे, नवी चूल घालून घ्या. अक्का म्हणायच्या, आखाडात कुणी चूल घालतं का. आखाड सरला की श्रावण, श्रावण सरला की पितरांचा पंधरवडा. दिवाळीनंतर म्हणायच्या, थंडीत माती वाळत नाही. उन्हाळ्यात म्हणायच्या, माती फार लवकर वाळते. मला वाटायचं, बाई हट्टी आहे, दुसरं काय.

खरं कारण मला कळलं ते एका सकाळी. मी झाडताना भाकरीचं पीठ मळायची काठवट हातभर बाजूला सरकवली आणि परत ठेवायची विसरले. अक्का येऊन बसल्या, परातीतून ओंजळभर पीठ घेतलं आणि सरळ जमिनीवर टाकलं. पाणीही जमिनीवर ओतलं. मग हात चाचपडत राहिला. मी हसणार होते, पण त्यांचा चेहरा बघून हसू आलं नाही. मी ओरडायच्या आत त्यांनी माझा पदर धरून मला खाली बसवलं.

"तुळजा, वरडू नगंस. मला दिसत न्हाय," त्या म्हणाल्या. "दोन वरसं झाली. आदी धुकं पडल्यावानी व्हायचं. आता नुसता उजेड-अंधार कळतो."

मी म्हटलं, थोरल्या भावजींना सांगू, सोलापूरला डोळ्यांचा डॉक्टर आहे. त्या म्हणाल्या, मागच्या चंपाषष्ठीला माहेरच्या वाटेनं सोलापूरला जाऊन दाखवून आले. डॉक्टरानं सांगितलं, आता उशीर झाला. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तू कुणाला बोलू नगंस. बोललीस की मला चुलीवरनं उठवतील. बसून खा म्हणतील. कोपऱ्यात बसून खायला मी काय पाहुणी हाय?"

तेव्हा मला त्या खांडोळी पडलेल्या चुलीचं सगळं गणित उमगलं. फुटक्या काठावर त्यांचा डावा अंगठा बरोबर बसायचा, तिथून तवा किती लांब हे त्यांच्या मनगटाला ठाऊक होतं. भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांना टेकवून उभी करायची असते, तशी केल्याशिवाय ती फुगत नाही. ती नेमकी कुठं टेकवायची हे डावा तळवा काठावर टेकून त्या ठरवायच्या. मातीची चूल बाहेरून पोळत नाही, म्हणून हे जमायचं. ती चूल गेली की त्यांचे डोळे दुसऱ्यांदा जाणार होते. मी शपथ घेतली आणि तोंडाला कुलूप लावलं. काठवट मात्र पुन्हा कधी हलवली नाही.

माझा सगळा डोळा होता सिताबाईंवर. बाई मुलखाची अबोल. दिवसभर अक्कांच्या मागं-मागं, हे उचल, ते ठेव. मी मिठाचं गाडगं इकडचं तिकडं ठेवलं की एक शब्द न बोलता परत जागेवर ठेवायच्या, वर माझ्याकडं असं बघायच्या की जणू मी देव हलवला. मला वाटायचं, ही चुलीच्या जागेवर टपून बसली आहे. अक्का एकदा चुकू देत, ही लगेच पदर खोचून पुढं येणार.

भाद्रपदाच्या अखेरीस एका सकाळी तो वैल ढासळला. तुरीच्या वरणाचं अख्खं भांडं राखेत गेलं, गडी माणसं चटणी-भाकरीवर शेतात गेली. थोरले भावजी चुलीपुढं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, आता कारणं पुरे. आश्विनातल्या पुनवेच्या आत नवी चूल हवी. त्याला कारणही होतं. पुनवेला तुळजापूरला पायी जाणारे लोक कर्नाटकाकडून आमच्या गावावरून जातात. त्यांना पिठलं-भाकरी वाढायची आमच्या घरची चाल होती, सासऱ्यांच्याही आधीपासूनची. त्या दिवशी चूल सकाळपासून थांबायची नाही.

कसली चूल घ्यायची यावर मग घरात खल सुरू झाला. सिताबाईंनी एकदाच तोंड उघडलं. म्हणाल्या, त्याच जागी आणि तशीच घाला, मातीची. मी मनात म्हटलं, हिला नवं म्हणून काही सोसायचंच नाही. माझ्या डोक्यात वेगळंच चालू होतं. अक्कांचे डोळे धुरानं गेले, तर बिनधुराची चूल आणू. वडिलांनी माहेरी पत्र्याची एक बंद चूल केली होती. पुढं दार, मागं धूर जायला नळकांडं. तशीच एक मोठी करून पाठवा म्हणून मी निरोप धाडला. मला वाटलं, अक्कांचंही भलं होईल आणि माहेरचं नाकही वर राहील. अक्कांना काही विचारलं नाही, आणायचंच म्हणून आणलं.

वडिलांनी जीव लावून चूल केली. आमचे हे गाडी घेऊन गेले. सरहद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर कारकुनानं विचारलं, हे काय आहे. हे म्हणाले, चूल. कारकून म्हणाला, चुलीला दार कशाला लागतं, आतून पळून जाते का. बराच वेळ ते दार उघडून-झाकून बघितल्यावर गाडी सुटली. गावात गाडी शिरली तेव्हा निम्मा गाव मागं होता. माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

अक्कांनी तिच्यावरून, दारापासून नळकांड्यापर्यंत, हात फिरवला. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी काय केलं असेल? त्या लोखंडाला पोतेरं घातलं. सगळीकडून, दारासकट, कालवलेल्या मातीचा हात. मी म्हटलं, अक्का, लोखंडाला पोतेरं घालत नाहीत. त्या म्हणाल्या, पोतेऱ्याशिवाय चुलीला विस्तव लावायचा नसतो, ती मग लोखंडाची असू दे नाहीतर सोन्याची. सिताबाईंनीही मान डोलावली. आणि मी, सोलापूरची, गप्प बसले. खरं सांगायचं तर मातीनं सारवलेली ती चूल मलाही जरा आमच्यातली वाटायला लागली होती.

जाळ घातला. पहिला घोळ जळणाचा. आमच्याकडं लाकूड कुठलं? जळण म्हणजे तुरीच्या लांब तुराट्या आणि गोवऱ्या. ते दार लाकडाच्या खांडांसाठी केलेलं, तुराट्या आत जाईनात, गेल्या तर दार लागेना. दार उघडं ठेवलं की सगळा धूर पुढं. तरी अक्कांनी तवा ठेवला, भाकरी थापली, टाकली, उलटली. आता ती निखाऱ्याला लावायची. त्यांनी सवयीनं डावा तळवा काठावर टेकला. बोटांना लागलं ते माती, चुलीची ओळखीची माती. पण मातीचा तो थर बोटाच्या पेरापुरताही नव्हता, आणि त्याच्याखाली लोखंड तापून लाल व्हायच्या बेतात होतं.

त्या ओरडल्या नाहीत. हात पाठीमागं घेतला आणि उजव्या हातानं भाकरी शोधायला लागल्या. भाकरी दाराशी पडून जळत होती. ती सगळ्यांसमोर जळत होती आणि त्यांना ती सापडत नव्हती. थोरले भावजी दारात उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

हाताला चुना-तेल लावलं. थोरले भावजी त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांना वाईट वाटलं होतं हे मला दिसत होतं, पण पुरुषाला वाईट वाटलं की तो हुकूम सोडतो. त्यांनी सांगितलं, अक्कांनी आता आराम करावा, चूल मधल्या जावेनं सांभाळावी, आणि गावातल्या जमिलाबीला बोलावून मातीची चूल घालून घ्यावी. ते लोखंड अंगणात गेलं. त्यावर अंघोळीचं पाणी मात्र झकास तापायचं, एवढं वडिलांच्या वतीनं सांगून ठेवते.

जमिलाबी म्हणजे सादिक पिंजाऱ्याची बायको. नवरा कापूस पिंजायचा आणि ही गावभर चुली घालायची. एरवी परक्या माणसाला आमच्या चुलीपर्यंत येता येत नसे, पण जमिलाबी थेट आत यायची, पाटावर बसायची आणि घरच्या बायकांवर हुकूम सोडायची. चुलीच्या मातीत ती पिंजलेल्या कापसाची झोट मिसळायची. तिची चूल म्हणून तडकत नसे. आणि तिचा एक नेम होता. चूल जी वापरणार तिच्या हाताचं माप घेतल्याशिवाय ती मातीला हात लावत नसे. चुलीच्या तोंडाची रुंदी त्या बाईच्या वितीवर, खोली कोपरापासूनच्या हातावर, काठाची जाडी मुठीवर. म्हणून आमच्या भागात अमकीच्या हाताची चूल असंच म्हणतात.

ती आली तेव्हा सगळं घर गोळा झालं होतं. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, हाताला फडकं गुंडाळलेलं. तीन दिवस त्यांनी ती जागा सोडली नव्हती. जमिलाबीनं मातीचं घमेलं खाली ठेवलं आणि नेहमीचा सवाल विचारला.

"कुणाच्या हाताची चूल घालू?"

थोरले भावजी म्हणाले, मधलीच्या.

"न्हाय," अक्का म्हणाल्या. "माझ्या."

थोरल्या भावजींना आमच्यासमोर कुणी असं सरळ न्हाय म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "तुला दिसत न्हाय. आंधळ्या बायकोला चुलीला जुंपली म्हणून गाव माझ्या तोंडात शेण घालंल."

"आंधळी झाले ते खरं. मी लपवलं तेबी खरं," अक्का उठून उभ्या राहिल्या. "पर ते लोखंड मला न इचारता आलं, म्हणून हात पोळला. माझ्या मापाची मातीची चूल असली तर मला दिव्याचीबी गरज न्हाय. पुनवेला देवीची माणसं जेवायला येत्यात. त्या दिवशी माझ्या हातची एक भाकर कच्ची न्हाय तर करपलेली निघाली, तर मी आपनहून उठंन आन् परत चुलीकडं फिरकणार न्हाय. तवर मला कुणी उठ म्हणायचं न्हाय. तुमीबी न्हाय."

मी सिताबाईंकडं बघत होते. म्हटलं, आता हिची पाळी, आता ही जागा सोडते का बघू. सिताबाई पुढं आल्या. अक्कांचा धडका, उजवा हात त्यांनी धरला आणि जमिलाबीपुढं केला.

"माप अक्काचंच घ्या," त्या म्हणाल्या. "दोन वरसं झाली, काठवट म्या जागच्या जागी ठेवते. मिठाचं गाडगं ह्यांच्या हाताला येईल असं ठेवते. त्यांनी सांगितलं न्हाय, म्हणून म्या इचारलं न्हाय."

मला धरणीत शिरावंसं वाटलं. ज्या बाईला मी दोन वर्षं पाण्यात पाहत होते, तिनं अक्कांची लाज माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा चांगली राखली होती. अक्कांनी मान तिच्याकडं वळवली. म्हणाल्या, "तरीच म्हणलं, गाडगं कुठं हरवत कसं न्हाय." एवढंच. पण सिताबाईंचा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

थोरले भावजी काही न बोलता उठून बाहेर गेले. आमच्या घरात ते नाही म्हणायचे तेव्हा घर दणाणायचं. न बोलता उठून गेले म्हणजे झालं, असा अर्थ आम्ही घेतला. जमिलाबीनं तर तेवढ्यात वीत मोजायला सुरुवातही केली होती.

गढीच्या बाजूची पांढरी माती, घोड्याची लीद, ज्वारीचा भुस्सा आणि सादिकच्या पिंजणाखालची झोट. काळ्या मातीला जमिलाबी शिवूही देत नव्हती, म्हणायची ती पिकाला बरी, विस्तवाला नाही. जुनी चूल तिनं लगेच पाडली नाही. अक्कांना पाटावर बसवलं, जुन्या काठावरून हात फिरवायला लावला, आणि जिथं जिथं त्यांचा अंगठा, तळवा, मनगट टेकत होतं तिथं तिथं खूण केली. फुटका काठ जसा अंगठ्याला बसत होता तसाच नव्या ओल्या काठावर त्यांच्या अंगठ्यानं खोलगा करून घेतला. डाव्या तळव्यासाठी एक ओटा काढला. दोघी भांडल्याही. जमिलाबी म्हणे काठ जाड ठेवू, अक्का म्हणे जाड ठेवला तर मला निखाऱ्याची धग कळत नाही. शेवटी अक्कांचं झालं. चूल सावलीत वाळत होती तोवर त्या रोज पाण्याचा हात फिरवून भेगा बुजवत राहिल्या.

पुनवेच्या आदल्या दिवशी पहाटे अक्कांनी नव्या चुलीला पोतेरं घातलं, हळद-कुंकू वाहिलं, विस्तव लावला आणि त्या बसल्या. पुनवेला तुळजापूर गाठायचं म्हणून वाटसरू आदल्या दिवशी उजाडायच्या आतच यायला लागले. परड्या घेतलेल्या बाया, संबळ वाजवणारे, कानडी बोलणारी म्हातारी माणसं. अंगणात पंगतीवर पंगत. सिताबाई पीठ मळून द्यायच्या, मी वाढायची, आणि अक्का थापायच्या. मला त्यांचे हात बघायला वेळ नव्हता, पण मी बघत होते. थापताना भाकरी फिरायची ती आवाजावर. तव्यावर टाकली की त्या तळवा वर धरायच्या, वाफ बोटांना लागली की पाण्याचा हात, वास पालटला की उलटी. मग डावा तळवा ओट्यावर टेकायचा आणि भाकरी निखाऱ्यासमोर उभी. ती फुगून टम्म व्हायची तेव्हा पापुद्रा सुटल्याचा बारीक आवाज व्हायचा, तो त्यांना ऐकू यायचा. मला आजवर आला नाही.

थोरले भावजी अंगणात उभे होते. पानात पडणारी प्रत्येक भाकरी हातात घेऊन, दोन्ही बाजूंनी बघून मगच पुढं जाऊ देत होते. लोकांना वाटलं, यजमान जातीनं देखरेख करत आहेत. ते काय शोधत आहेत हे आम्हा तिघींनाच ठाऊक होतं.

दुपार कलताना ते एक भाकरी घेऊन आत आले. भाकरीच्या मधोमध रुपयाएवढा काळा डाग होता. त्यांनी ती अक्कांच्या हातात दिली. म्हणाले, "ही करपली."

अक्कांनी ती भाकरी दोन्ही हातांत घेतली. पापुद्र्यावरून बोटं फिरवली, थापताना उमटलेल्या बोटांच्या खुणा एक-एक करून चाचपल्या. मग भाकरी माझ्या दिशेनं पुढं केली.

"ही माझी न्हाय. माझी बोटं लांब उमटत्यात. मी पाणी प्यायला उठले तवा ही कुणी थापली? तुळजा, सोलापुरात असंच थापत्यात व्हय?"

खरंच माझी होती. पंगत खोळंबली म्हणून मी मध्येच एक टाकली होती. मी हो म्हटलं. थोरल्या भावजींनी भाकरी परत घेतली, तिच्यावरच्या खुणा बघितल्या, मग परडीतली दुसरी उचलून तिच्यावरच्या बघितल्या. आणि तो एवढा करारी माणूस तिथंच जमिनीवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता डोळे पुसले. म्हणाला, "वाढ मला. तुझ्या हातची वाढ." सकाळपासून त्यांच्या पोटात अन्न नव्हतं. अक्कांनी तव्यावरची भाकरी त्यांच्या हातावर ठेवली आणि पुढची थापायला घेतली. माझी करपलेलीही त्यांनीच खाल्ली.

त्यानंतर अक्कांना कुणी ऊठ म्हटलं नाही. रझाकारांच्या दिवसांत आमचे हे तुरुंगात होते आणि अर्धं गाव सरहद्दीपलीकडं निघून गेलं होतं, तेव्हाही ती चूल विझली नाही. उरलेल्यांना, हिंदू असोत की मुसलमान, त्या विचारायच्या एकच, जेवलास का. बायका लांबून बघायला यायच्या. मग जमिलाबी कुणाच्या घरी चूल घालायला गेली आणि कुणाच्या हाताची असं तिनं विचारलं, की नव्या नवऱ्या लाजत म्हणायच्या, मथुराबाईच्या हाताची घाला. जमिलाबीला ते माप पाठ झालं होतं. आमच्या गावात पुढं कितीतरी घरांत अक्कांच्या वितीएवढंच चुलीचं तोंड असे, आणि त्यांना कधी न पाहिलेल्या पोरीही डावा तळवा त्याच ठिकाणी टेकून भाकरी शेकायला शिकल्या. एखाद्या बाईच्या हाताएवढं गाव झालेलं मी पाहिलं आहे. मोठं माणूस म्हणजे याहून काय वेगळं असतं, मला ठाऊक नाही.

अक्का गेल्या त्यानंतर सिताबाईंनी मला पुढं केलं. म्हणाल्या, माझे गुडघे गेले, तू बस. चूल एव्हाना पुन्हा थकली होती, म्हणून जमिलाबीला बोलावलं. तीही म्हातारी झाली होती. तिनं माझा हात मोजला. अक्कांच्या हातापेक्षा तो बोटभर आखूड भरला. ती म्हणाली, तोंड जरा अलीकडं घेते, तुझ्या हाताची चूल करून देते. मी नको म्हटलं आणि पाट बोटभर पुढं सरकवून बसले.